साहेबांसाठी सारवलेल्या चुली

मयेच्या तळ्याच्या अलीकडच्या वाड्यावर प्रभावतीचा आवाज आधी पोचायचा आणि मागून प्रभावती. बाई अंगाने किडकिडीत, पण बोलायला लागली की तळ्यावरचे बगळे उडत. तिला स्वतःला मात्र आपण फार मितभाषी आहोत असं मनापासून वाटायचं. "माका बोलूंक आवडना, पण सांगूंक जाय न्हय?" असं म्हणून ती जे सांगायला बसायची, ते पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळचे उंडे वाटून सायकलवरून परत फिरला तरी संपलेलं नसायचं.

जन्म डिचोलीच्या कुंभाराच्या घरातला. रांगायला लागली ती ओल्या चिखलात, आणि पहिला मार खाल्ला तो कच्चं मडकं फोडल्याबद्दल. लग्न झालं तेही कुंभाराच्याच घरात. पण सासऱ्यांच्या पश्चात इथलं चाक अडगळीत गेलेलं. नवरा सगुण आमोण्याहून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जीवर कामाला. चार-चार दिवस पाण्यावर काढायचा आणि घरी आला की जमीन हलते म्हणून तक्रार करायचा. म्हणजे मातीत जन्मलेली बाई पाण्यावरच्या माणसाच्या पदरी पडली. तिच्या हातांना काही उद्योग नव्हता, म्हणून तोंडाला जास्त होता, असं तिची सासू सत्यवती म्हणायची. सासूचं निदान बरोबर होतं. औषध मात्र सरकारने दिलं.

गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागे ग्रामसेवक गोकुळदास वाड्यावर एक योजना घेऊन आला. बिनधुराच्या चुलीची. मातीची दोन तोंडांची चूल, एका तोंडावर भात, दुसऱ्यावर फुकटच्या उष्णतेवर आमटी नाहीतर पाणी, आणि सगळा धूर सिमेंटच्या नळ्यातून छपराबाहेर. नळा सरकार देणार. चूल घालायला गावातलीच एक बाई शिकवून तयार करणार. गोकुळदासने वाक्य पुरं करण्याआधीच प्रभावतीने हात वर केला होता. खरं तर तिने दोन्ही हात वर केले होते.

शिकून आल्यावर पहिली चूल तिने स्वतःच्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात घातली. सत्यवती उंबऱ्यावर बसून बघत होती.

"धूर गेलो तर वयले सुके बांगडे कितें वाऱ्यार सुकतले?" सासूने विचारलं.

चुलीच्या वर कामट्यांची माची टांगून तिच्यावर सुकी मासळी, सोलं म्हणजे आमसुलं, फणसाच्या बिया, पावसाळ्यासाठीचं सरपण ठेवायची घरोघरी रीत. धूर हा त्या सगळ्याचा राखणदार. धुराने किडा लागत नाही, वाशांना भुंगा लागत नाही, आणि मच्छर फिरकत नाहीत. बदल्यात डोळे तेवढे जातात. पण डोळ्यांचं काय, ते बाईमाणसाचे.

"मांय, तुमच्या डोळ्यांक दिसना जालां तें ह्याच धुरान न्हय?"

"दिसना कशें? तुजें तोंड हालतां तें बरें दिसतां माका."

प्रभावती एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. चार दिवस तिने नळ्याला हात लावून लावून बघितला. नळा चांगला ऊबदार व्हायचा. मग तिने माची सोडली आणि नळ्याला वेढा घालून कामट्यांची गोल फळी बांधली. बांगडे वाळले, सोलं वाळली. आणि शेजारच्या बाळंतिणीने एक दिवस गुपचूप तिथे लंगोट वाळत घातले, तेव्हा योजनेला खरी गती आली. सरकारने नळा दिला होता धूर घालवायला. वाड्याने तो घेतला लंगोट सुकवायला. धूर गेला तो वरकड फायदा. कसंही असो, वर्षभरात वाड्यावर घरोघरी प्रभावतीच्या हातची चूल पेटू लागली, सत्यवती खोकायची थांबली, आणि प्रभावती रस्त्याने चालताना छपरांवरच्या नळ्यांकडे असं बघू लागली, जशी एखादी बाई शाळेच्या पटांगणात आपली पोरं ओळखते.

एकच घर तिला सलायचं. कमलाक्षीचं.

कमलाक्षी दोडामार्गाकडची. नवरा खाणीवर, ती शेतांत मजुरीला, घरात पोरं, कोंबड्या आणि एक बकरी, आणि कोण कुठे झोपतं याचा काही नियम नाही. तिच्याकडे चूल घालायला प्रभावती गेली, तेव्हा आत पाऊल टाकताच म्हणाली होती, "आदीं रांधप साफ कर, मगीर चूल घालतां."

कमलाक्षीने कमरेवर हात ठेवले. "मास्तरणी, तू चूल घालूक इलंस का सोयरीक बघूक?"

चूल घातली गेली, पण बोलणं तुटलं. तेव्हापासून दोघींचा व्यवहार कोंबड्यांमार्फत चालायचा. कमलाक्षीच्या कोंबड्या प्रभावतीच्या अंगणात आल्या की प्रभावती कोंबड्यांना ऐकवायची, "तुमच्या धनिणीक लज ना, तुमकां खंयची आसतली?" आणि पलीकडून कमलाक्षी आपल्या बकरीला सांगायची, "तोंडाक नळो बसवलो आसतो तर गावचो त्रास गेलो आसतो गे."

आता प्रभावतीच्या तोंडाने एक घोटाळा करून ठेवला होता. तळ्यापलीकडच्या वाड्यावरच्या बाया अलीकडच्या चुली बघून गेल्या, त्यांना त्या आवडल्या, आणि प्रभावतीने उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "मोडा त्यो धुराच्यो चुली! नळे येतात म्हणून समजा." बायांनी शब्द प्रमाण मानला. जुन्या चुली मोडल्या, माती मळून ठेवली, आणि अंगणात तीन दगडांवर रांधत नळ्यांची वाट बघू लागल्या. नळे काही येईनात. वैशाख सरत आला. पलीकडच्या बाया तळ्यावर भेटल्या की विचारायच्या, "बाये, पावस आयल्यार आमी छत्री धरून रांधपाचें?" प्रभावती घागर अर्धीच भरून घरी पळायची.

अशात गोकुळदास धापा टाकत आला.

"मूल्यमापन!" तो म्हणाला. हा शब्द त्यालाही नवीन होता. तो एकेक अक्षर जपून उच्चारत होता. "योजना खरोखर चालते का, चुली लोक वापरतात का, हे बघायला तीन दिवसांनी पुण्याहून साहेब येतायत. देवस्थळी म्हणून. त्यांचा अहवाल बरा गेला तर पलीकडचे नळे सुटतील. नाहीतर योजना इथेच बंद. तीन गावं बघून झालीत त्यांची, आणि तिन्ही नापास."

"आमच्यो चुली पळोवंदी," प्रभावती म्हणाली. "सायब पुण्याक वचूंक विसरतलो."

आणि इथेच तिची चूक झाली. या चुकीला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की घरी कुणी मानाचा येणार म्हटलं की ह्या मुलखातल्या बाईच्या हातात आपोआप शेणाचं भांडं येतं. चवथीला गणपती यायच्या आधी घर जसं सारवून, रंगवून, उंबऱ्यापासून परसापर्यंत लखलखीत करतात, तसं वाड्याने त्या तीन दिवसांत स्वयंपाकघर करून टाकलं. प्रभावती घरोघर फिरून हुकूम सोडत होती. चुलींतली राख काढली. काजळी खरवडली. तांबड्या मातीने चुली सारवल्या, वर शेणाचा हात फिरवला, कडेने रांगोळीची नक्षी, दोन्ही तोंडांना हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. नळ्यांवर ओला तुवालो फिरवून ते असे स्वच्छ केले, की त्यांतून धूर गेला होता हे नळ्यांनाही आठवू नये. लंगोट, बांगडे, सोलं सगळं फळ्यांवरून उतरवून लपवलं. पुण्याचा माणूस, त्याने बांगडे कशाला बघायचे?

अशा देव्हाऱ्यासारख्या चुलींत आग कोण घालणार? साहेब येऊन जाईपर्यंत सगळा वाडा मागच्या परसात तीन दगड मांडून रांधू लागला. सत्यवतीने आडून विचारलंही, "चूल पळोवंक येतलो, आणि चूल पेटोवपाची ना?"

"मांय, व्हंकलेक पळोवंक येतात तेन्ना ती वाटण वाटीत बसता?"

नवरीची उपमा बिनतोड होती. सासू परसातल्या दगडांकडे वळली.

कमलाक्षीकडे मात्र प्रभावती गेली नाही. गोकुळदासला तिने बाजूला घेऊन बजावलं, "तें घर सोडून सगळीं दाखय. ती दिसभर कामाक भायर आसता म्हण सांग."

साहेब आले. देवस्थळी पन्नाशीचे, चष्मेवाले, शांत गृहस्थ. प्रभावतीने शाळेतून आणवलेल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, ते एक क्षणही बसले नाहीत. चहाच्या कपाला हात न लावता म्हणाले, "आधी चुली बघू."

पहिलं घर बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. प्रभावती मागून अभिमानाने चालली होती. साहेब खाली वाकून चुलीच्या तोंडात हात घालत, बोटं डोळ्यांसमोर धरत. बोटं स्वच्छ. नळ्याला हात लावत. गार. मग मागच्या दारातून परसात डोकावत. तिथे तीन दगड, आणि दगडांत कोमट राख. दरेक घरात ते चष्मा काढत, पुसत, पुन्हा लावत. प्रभावतीला वाटलं, साहेबांचे डोळे दिपले.

शेवटी पारावर येऊन ते थांबले. सगळ्या बाया भोवती जमल्या.

"चुली सुंदर आहेत," ते म्हणाले. प्रभावतीने मान तुकवली. "इतक्या सुंदर चुली मी कुठेच बघितल्या नाहीत. पण बाई, ह्यांत कधी कुणी विस्तव घातलाय का?"

गोकुळदासने डोळे मिटून घेतले.

"रोज घालतात सायबा! आज तुमच्यापायीं सारवल्यात!" प्रभावती म्हणाली.

"सगळीकडे हेच सांगतात," देवस्थळी म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "एका गावात चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिथेही म्हणाले, आजच बसली. दुसऱ्या गावात चुलीत खताची पोती. तुमच्याकडे निदान फुलं आहेत. पण नव्या चुली थंड आणि मागे जुन्या तीन दगडांवर स्वयंपाक, ह्याचा मी दुसरा काय अर्थ लावू? जे डोळ्यांना दिसतं तेच मला लिहावं लागतं."

बाया एकदम बोलू लागल्या. सत्यवती आपला खोकला थांबल्याचं सांगू लागली आणि नेमकी त्याच वेळी, उत्तेजित होऊन, खोकली. बाळंतीण लंगोटांबद्दल सांगू लागली ते साहेबांना कळेना. प्रभावतीच्या डोळ्यांपुढे तळ्यापलीकडचा वाडा उभा होता, आणि छत्री धरून रांधणाऱ्या बाया. ज्या हातांनी चुली घातल्या त्याच हातांनी तिने त्यांतली सगळी साक्ष खरवडून, धुऊन, परसातल्या माडाच्या आळ्यात नेऊन टाकली होती.

साहेब जीपकडे निघाले. प्रभावतीने मान वर केली आणि सवयीने छपरांवरचे नळे बघितले. सगळे गप्प, गार, तोंडं वासून आकाशाकडे बघणारे. आणि वाड्याच्या टोकाला एक नळा निवांत, भरगच्च धूर सोडत होता.

कमलाक्षीचा.

प्रभावतीच्या मनात पुढच्या काही क्षणांत काय काय झालं, ते तिने पुढे आयुष्यभर वेगवेगळ्या लांबीत सांगितलं. थोडक्यात एवढंच, की तिला त्या घरातली बकरी दिसली, जमीन दिसली, "सोयरीक बघूक इलंस?" हा आवाज ऐकू आला, आणि त्याच वेळी आपली वाड्यातली सगळ्यांत ओंगळ चूल दाखवायला पाहुण्याला आपल्याच पायांनी न्यावं लागणार हेही कळलं. तिने पदर खोचला.

"सायबा, एक घर रावलां."

"वैनी, ती घरी नसते ना?" गोकुळदास घाईघाईने पुटपुटला.

"आसा. हांव फट उलयलें." खोटं बोलल्याचं असं तडकाफडकी कबूल करून ती पुढे चालूही लागली.

कमलाक्षी दारात कोंबड्यांना हाकलत होती. शत्रूला साहेबासकट आपल्या अंगणात येताना बघून तिने हातातला खराटा खाली ठेवला नाही.

"कमलाक्षी," प्रभावती म्हणाली. कित्येक महिन्यांनी हे नाव तिने कोंबड्यांशिवाय थेट उच्चारलं होतं. "सायबाक तुजी चूल पळोवपाची आसा."

"सारवलेली नाय."

"म्हणूनच."

कमलाक्षीने एकदा प्रभावतीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काय दिसलं कोण जाणे. ती बाजूला झाली.

आत चूल होती. म्हशीसारखी काळी, म्हशीसारखीच ऐसपैस. पेज उतू जाऊन जाऊन तिच्या अंगावर पांढरे ओघळ सुकलेले. एक कड फुटलेली, ती कमलाक्षीने स्वतः माती थापून सांधलेली. तोंडात लाकडं धडधडत होती, पुढच्या तोंडावर भात रटरटत होता, मागच्यावर बांगड्याची आमटी. नळ्याभोवतीच्या फळीवर सुकी मासळी, मिरच्या, आणि धाकट्याची चड्डी. बकरी कोपऱ्यात रवंथ करत होती. आणि धूर नव्हता. भिंतीवर वरच्या अंगाला जुन्या काळच्या काजळीचे थर तसेच होते, पण त्यांवरून कोणीतरी कोळशाने, अलीकडेच, एक कोंबडा काढलेला. तो काळ्यावर काळा असूनही स्पष्ट दिसत होता, एवढा उजेड होता.

देवस्थळी उभे राहिले. मग उकिडवे बसले. चष्मा काढला, पुसायची गरज नव्हती, पुन्हा लावला. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. त्यांनी नळ्याला बोट लावलं आणि "आई गं" म्हणून मागे घेतलं. बोट काळं झालं होतं. ते काळं बोट त्यांनी गोकुळदासला असं दाखवलं, जसा एखादा पोरगा परीक्षेचा निकाल दाखवतो.

"ही रोज पेटते?"

"नाय तर काय!" कमलाक्षी म्हणाली. "सायब येतलो म्हणान माझो घोव उपाशी खाणीर जातलो? ताका जेवाण कोण देतलो, सरकार?"

"सारवत का नाही?"

"येळ खय आसा? आणि चुलीक न्हाणयल्यार ती काय जास्त रांधता?" मग, प्रभावतीकडे न बघता, भाताला डाव फिरवत ती म्हणाली, "चूल बरी घातल्यान तिणे. लाकडा निम्मी लागतत. पूर्वी रोज मोळी आणूक डोंगरार जाय होतंय ता आता एक दिसाआड. तोंड वायट आसा तिचा, हात बरो आसा."

वाड्यावर एवढं मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालं नव्हतं. धूर नव्हताच, तरी प्रभावतीला डोळ्यांना पदर लावावा लागला.

"साहेब, जेवूक बसा," कमलाक्षी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

चहाला हात न लावणारे देवस्थळी त्या जमिनीवर पाटावर बसून भात-आमटी जेवले. जेवताना बकरीने त्यांच्या पिशवीचा बंद खाल्ला, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. हात धुतल्यावर म्हणाले, "चला, सगळ्या चुली पुन्हा बघू. पण पेटवून."

मग वाड्यावर एकच पळापळ झाली. फुलं उडाली, रांगोळ्या फिसकटल्या, परसातली लाकडं आत आली. थोड्याच वेळात छपराछपरावरचे नळे धूर सोडू लागले. साहेब पुन्हा घरोघर फिरले, या खेपेला रांधपात बसून बायांशी बोलले, भुकटी झालेल्या चुली आणि फुटलेले नळेही त्यांनी बघितले, कारण तेही होते. दोन घरांत बाया चूल फक्त पाणी तापवायला वापरत, तेही त्यांना कळलं. सत्यवतीने त्यांना नळ्याचा लंगोट वाळवायचा उपयोग समजावून सांगितला. देवस्थळींनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे दिल्लीत कुणाला सुचलं नव्हतं."

जीपमध्ये बसताना ते प्रभावतीला म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला कुणी बघायला आलं तर एक करा. काहीच करू नका."

हा सल्ला पाळणं प्रभावतीला आयुष्यात सगळ्यांत जड गेलं.

पावसाच्या आधी नळे आले. बैलगाडीतून, गवतात गुंडाळून, पलीकडच्या वाड्यावर. प्रभावती पहाटे पदर खोचून निघाली, तर तळ्याच्या बांधावर कमलाक्षी उभी. डोक्यावर मातीची पाटी.

"तू खंय?"

"तू चुली घालतलंस. माती कोण कालयतलो, तुझ्या सायबाची जीप?"

दोघी चालू लागल्या. वाटेत प्रभावती बोलत होती आणि कमलाक्षी अधूनमधून "गप गे" म्हणत होती. पलीकडच्या वाड्यावरची शेवटची चूल पेटली त्या दिवशी सगुण बार्जीवरून घरी आला होता. जमीन हलते म्हणायचं तो विसरला. बांधावर उभा राहून त्याने तळ्याच्या दोन्ही अंगांना छपरांवरून वर जाणारा धूर बघितला.

"सगळे तुजे?" त्याने विचारलं.

प्रभावतीने पलीकडचे नळे बघितले, अलीकडचे बघितले, आणि वाड्याच्या टोकाचा तो एक बघितला.

"चुली माज्यो," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, कारण सांगायला तर हवंच, "पास केलें मात कमलाक्षीन."

त्यानंतर त्या चुली बघायला बरीच माणसं आली. आधी साहेब, मग साहेबांचे साहेब. त्यांना गोकुळदास थेट कमलाक्षीच्या घरी नेई. कमलाक्षी त्या भांडवलावर इतकी चढून गेली, की एकदा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने चुलीपुढे सारवणाचं भांडं आणून ठेवलं. प्रभावतीला बातमी लागली. ती धावत गेली, भांडं उचललं, आणि ते सगळं शेण स्वतःच्या अंगणात नेऊन ओतलं.

"माज्या चुलीक हात लायशीत जाल्यार पळय!" ती ओरडली, आणि तळ्यावरचे बगळे उडाले.